जुनी एमजी गाडी खरंच शर्यतीत धावली होती का, हे कसं शोधायचं?

प्रश्न असा आला आहे: ‘मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. गेल्या वर्षी १९३५ ची एमजी पी-टाइप गाडी, म्हणजे तिची पहिली आवृत्ती पीए, विकत घेतली. विकणाऱ्याने सांगितलं की पहिल्या मालकाने ती ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर पळवली आणि बक्षिसंही मिळवली. सोबत एक जुना फोटो आणि १९७० च्या सुमाराचं टंकलिखित पत्र दिलं. यातलं खरं किती? शोध कुठून सुरू करू?’

ते टंकलिखित पत्र आधी एका पाकिटात घाला आणि दोन महिने उघडू नका. पत्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते एकदा डोक्यात बसलं की पुढे मिळणारा प्रत्येक कागद त्याच्याच बाजूने बोलतोय असं वाटायला लागतं. आपल्याकडे इतिहासाची माणसं बखर आणि अस्सल पत्र यांत फरक करतात, तोच इथे करायचा. घटनेनंतर तीस-चाळीस वर्षांनी कुणी आठवून लिहिलं, ती बखर. शर्यतीच्या दिवशी विकलेला प्रोग्रॅम, मोटारींच्या साप्ताहिकाचा त्याच आठवड्याचा अंक, नोंदणी कचेरीची वही, हे अस्सल. बखरीतून दिशा मिळते. पुरावा म्हणून ती चालत नाही.

मी मूळचा पुण्याचा. नोकरी कॉव्हेंट्रीत टूलरूममध्ये झाली आणि गेली वीस-बावीस वर्षं शनिवार-रविवार दुसऱ्यांच्या गाड्यांची कागदपत्रं चाळण्यात जातात. सर्वांत जास्त वेळा दिलेलं उत्तर सांगतो: ‘शर्यत खरी आहे, ड्रायव्हर खरा आहे, फक्त गाडी ही नाही.’ कारण इथे प्रश्न दोन आहेत आणि लोक पहिल्याचं उत्तर मिळालं की थांबतात. अमुक माणूस अमुक दिवशी पी-टाइप घेऊन धावला का, हा पहिला. त्याने चालवलेली ती पी-टाइप म्हणजे तुमच्या गॅरेजमधली हीच का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर वाचनालयात बसून मिळतं. दुसऱ्याला सातबाऱ्यासारखी साखळी लागते: कोणाकडून कोणाकडे, कधी, कोणत्या नोंदीने. मधला एक फेरफार हरवला तरी वारस ओरडून सांगतात की जमीन आमचीच. गाड्यांचंही तसंच असतं.

म्हणून सुरुवात गाडीपासून करा. एमजीच्या बाबतीत एक गंमत उपयोगी पडते. ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता, म्हणून बहुतेक मॉडेलांचे चॅसी नंबर ०२५१ पासून सुरू व्हायचे. पीए १,९७३ बनल्या, म्हणजे नंबर पीए ०२५१ ते पीए २२२३. तुमचा आकडा या पट्ट्याबाहेर असेल तर पुढचं सगळं सोडून आधी त्याचा छडा लावा. आणि आकडा बल्कहेडवरच्या, म्हणजे इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावरच्या, पितळी पट्टीवरून वाचू नका. तशी पट्टी आज नवी विकत मिळते आणि त्यावर हवा तो आकडा ठोकून घेता येतो. चॅसीच्या लोखंडावर ठोकलेला आकडा पाहिजे. आकड्यांची उंची, दोन आकड्यांमधलं अंतर, एखादा तिरका बसलेला ३, हे सगळं त्याच काळातल्या दुसऱ्या पीएशी ताडून बघा. कारखान्यातले पंच ठरावीक होते. नंतर घरी ठोकलेला नंबर सरावलेल्या डोळ्याला चटकन वेगळा दिसतो.

इंजिन नंबर जुळला नाही म्हणून निराश होऊ नका. पीएचं इंजिन ८४७ सीसीचं, नंतरच्या पीबीचं ९३९. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्याला जे मिळालं ते त्याने बसवलं. खुद्द कारखान्यानेच न खपलेल्या २७ पीए गाड्या पीबी करून विकल्या. पळवलेल्या गाडीत तर मूळ इंजिन टिकणं हेच नवल, कारण शर्यतीत आधी इंजिन मरतं. उलट शर्यतीचा इतिहास सांगणाऱ्या गाडीत सगळं मूळ, जागच्या जागी, कारखान्यातून आल्यासारखं असेल तर मला जरा शंका येते.

चॅसी नंबर पक्का झाला की एमजी कार क्लबच्या ट्रिपल-एम रजिस्टरला लिहा. मिजेट, मॅग्ना आणि मॅग्नेट या युद्धापूर्वीच्या तीन घराण्यांचा हा गट. गाडी कारखान्यातून कधी निघाली, कोणत्या डीलरकडे गेली, पूर्वी कुणी तिच्याबद्दल चौकशी केली होती का, हे तिथल्या लोकांना इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक असतं. युद्धानंतरच्या एमजी, ट्रायम्फ किंवा ऑस्टिन-हीली असतील तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं आणि जॅग्वारसाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून. पण सर्टिफिकेट कशाचं, हे नीट समजून घ्या. गाडी कारखान्यातून कशी बाहेर पडली तेवढंच ते सांगतं. पुढे तिने काय पराक्रम केले याबद्दल ते गप्प असतं. विकणारे मात्र तेच सर्टिफिकेट फ्रेम करून असं दाखवतात की जणू त्यातच शर्यत सिद्ध झाली. ऐतिहासिक शर्यतींसाठी एफआयए, म्हणजे मोटर शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना, गाडीला जो पासपोर्ट देते त्याचंही तेच. गाडी त्या काळच्या नियमांत बसते एवढंच तो म्हणतो.

आता नंबरप्लेट. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४ पासून गाडीला नंबर सक्तीचा झाला आणि १९२१ पासून लॉगबुक आलं. ते आपल्या आरसी बुकासारखंच, पण त्यात एकामागून एक मालकांची नावं, पत्ते, कचेरीचे शिक्के, रंग बदलला तर तो, इंजिन बदललं तर तेही. असं मूळ लॉगबुक सापडलं तर निम्मं काम झालं समजा. मात्र पहिलं पान बघा. एक पुस्तक भरलं की दुसरं द्यायचे, आणि दुसऱ्यात आधीचे मालक नसतात. १९४८ च्या पुस्तकातला ‘पहिला मालक’ बऱ्याचदा चौथा असतो.

नंबरातली अक्षरं कौंटी, म्हणजे जिल्हा, सांगतात, आणि इथे तुमच्यासारखे बरेच नवे मालक फसतात. एमजी गाडीवर ‘एमजी’ अक्षरांचा नंबर बघितला की वाटतं, ही कारखान्याची खास गाडी. ती अक्षरं मिडलसेक्स कौंटीची. लंडनचे मोठे डीलर युनिव्हर्सिटी मोटर्स आपल्या गाड्यांना मुद्दाम ती अक्षरं घ्यायचे, गिऱ्हाईक खूश व्हायचं. कारखाना होता ॲबिंग्डनला, म्हणजे तेव्हाच्या बर्कशायरमध्ये, त्यामुळे कारखान्याच्या स्वतःच्या गाड्यांवर त्या वर्षांत ‘जेबी’ दिसतं. पण प्रत्येक ‘जेबी’ कारखान्याची नसते. बर्कशायरच्या डॉक्टरांनीही एमजी घेतल्याच असतील.

नोंदणी तेव्हा कौंटीच्या कचेरीत व्हायची. १९७० च्या दशकात सगळं स्वान्सीच्या सरकारी वाहन नोंदणी केंद्रात एका ठिकाणी गेलं, तेव्हा काही कौंट्यांनी वह्या अभिलेखागारात दिल्या, काहींनी रद्दीत. ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टने यातल्या बऱ्याच वाचवल्या. तुमच्या नंबराची कौंटी शोधा आणि तिच्या अभिलेखागाराला आणि ट्रस्टला, दोघांनाही विचारा. एका ओळीची नोंद मिळते: तारीख, मालक, पत्ता, रंग, कधी चॅसी नंबरही. आणि हो, नोव्हेंबर १९८३ पर्यंत ज्यांनी स्वान्सीच्या संगणकावर नोंद केली नाही त्यांचे जुने नंबर गेले. नंतर बऱ्याच गाड्यांना त्यांच्या वयाला शोभेल असा दुसरा नंबर दिला गेला. म्हणजे आज गाडीवर असलेला १९३५ चा दिसणारा नंबर १९३५ साली कुठल्याच गाडीवर नव्हता, असंही होऊ शकतं. जुन्या फोटोत हाच नंबर शोधत बसाल तर आयुष्य जाईल.

याच एका ओळीने मला एकदा वाचवलं, पण त्याआधी फसवलंही. एका गृहस्थांची १९३१ ची एमजी सी-टाइप. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रुकलँड्सच्या डबल ट्वेल्व्हमध्ये धावल्याचा दावा होता. ही शर्यत चोवीस तासांचीच, पण आसपासच्या रहिवाशांनी रात्रीच्या आवाजाला हरकत घेतली म्हणून दिवसा बारा-बारा तास अशी दोन दिवसांत वाटलेली, रात्री गाड्या कुलूपबंद. त्या वर्षी सी-टाइप गाड्यांनी पहिले पाचही क्रमांक घेतले, म्हणून प्रत्येक सी-टाइपवाल्याला आपली त्यातली वाटते. मी अंकातली यादी बघितली, ड्रायव्हरचं नाव सापडलं, आणि उत्साहाच्या भरात ‘शक्य आहे’ असं लिहून दिलं. नंतर कौंटीची वही आली: पहिली नोंदणी ऑगस्टमध्ये. त्यावर मालक म्हणाले, शर्यतीच्या गाडीची नोंदणी नंतरही होते. मुद्दा बरोबर होता. मग कारखान्यातून गाडी निघाल्याची तारीख काढली, ती जुलैची. जुलैत जन्मलेलं पोर मेमध्ये धावत नाही. माझं ते ‘शक्य आहे’ मात्र अजून कुठल्यातरी विक्रीच्या जाहिरातीत फिरत असेल. तेव्हापासून मी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हातात आल्याशिवाय पहिल्याबद्दल लेखी काही देत नाही.

आता शर्यतीच्या बाजूने या. तुमच्या गाडीला ब्रुकलँड्सच्या कसोटीवर घासू. पीए १९३४ च्या मार्चमध्ये बाजारात आली. म्हणजे १९३३ चा कुठलाही दावा आपोआप बाद. ८४७ सीसी म्हणजे वर्ग जी, ७५१ ते ११००. याच वर्गात १०८७ सीसीची सुपरचार्जरवाली के३ मॅग्नेट. इटलीचा नामवंत ड्रायव्हर नुव्होलारी याने १९३३ ची अल्स्टरची टीटी, म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी शर्यत, जिंकली ती के३ वर. तिच्यासमोर साधी पीए वर्गात पहिली आली असं कुणी सांगितलं तर हसून विषय बदलावा. पण ब्रुकलँड्सच्या बहुतेक छोट्या शर्यती हँडिकॅपच्या होत्या. हळू गाडी आधी सोडायची, वेगवान मागून, आणि शेवटी सगळ्या एकत्र याव्यात असा हिशेब. हा हिशेब वर्षानुवर्षं एबलव्हाइट नावाचे गृहस्थ करायचे, जे पेशाने वाद्यांचे व्यापारी होते. तिथे पीए जिंकू शकते आणि जिंकली तरी ती वेगवान होती असं ठरत नाही. म्हणून निकालात नुसतं ‘पहिला’ बघू नका. कितव्या सेकंदाला सोडली, सरासरी वेग किती, हे बघा.

डॅशबोर्डवर ‘१२० मैल’ लिहिलेला ब्रुकलँड्सचा बिल्ला लावून फिरणाऱ्या पीए मी तीन पाहिल्या आहेत. तो बिल्ला ताशी १२० मैलांच्या वेगाने फेरी मारणाऱ्या माणसाला मिळायचा, गाडीला नाही. साध्या पीएला तो वेग उंच कड्यावरून ढकलल्याशिवाय येणार नाही.

संस्थांच्या नावांतही खाचखळगे आहेत. युद्धापूर्वीच्या अंकात ‘बीएआरसी’ म्हणजे ब्रुकलँड्स ऑटोमोबाइल रेसिंग क्लब. युद्धानंतरच्या अंकात तीच अक्षरं ब्रिटिश ऑटोमोबाइल रेसिंग क्लबची, आणि तो मूळचा ज्युनियर कार क्लब. त्यामुळे ‘बीएआरसी मीटिंग’ एवढं लिहिलेला तारीख नसलेला कागद ब्रुकलँड्सचा आहे की युद्धानंतरच्या गुडवुड ट्रॅकचा, हे नुसत्या अक्षरांवरून कळत नाही. यादीत गाडी उतरवणारा आणि चालवणारा हे वेगळे रकाने असतात, ते एक करू नका. टोपणनावंही खूप. सयामचा राजपुत्र बीरबोंगसे ‘बी. बीरा’ म्हणून धावायचा. एखादा बँकेतला कारकून साहेबाला कळू नये म्हणून ‘ए. स्मिथ’ होत असेल, तर तो आज कसा सापडणार?

वाचायचं काय? मोटर स्पोर्ट मासिक १९२४ मध्ये ब्रुकलँड्स गॅझेट या नावाने निघालं. त्याचे जुने अंक संगणकावर शोधता येतात, तिथून सुरुवात सोपी. ऑटोकार आणि मोटर ही साप्ताहिकं, आणि छोट्या गाड्यांसाठी लाइट कार. हे सगळं चिपिंग नॉर्टनच्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या ग्रंथालयात किंवा ब्यूलीच्या नॅशनल मोटर म्युझियममध्ये बघता येईल. वेब्रिजच्या ब्रुकलँड्स म्युझियमला तर जावंच लागेल, आणि रेडिंगहून ते तुम्हाला तासाभराचंही नाही. मात्र एक ध्यानात ठेवा. छापील यादी म्हणजे कोण येणार होतं, कोण आलं ते नाही. आजारी पडलेले, गिअरबॉक्स मोडलेले, चेक न वटलेले, सगळे यादीत असतात. म्हणून मला छापील प्रोग्रॅमपेक्षा पेन्सिलीने खुणा केलेला प्रोग्रॅम जास्त प्रिय. कुणीतरी कुंपणाशी उभं राहून ‘आला नाही’ म्हणून नावावर काट मारलेली असते. त्या अनोळखी प्रेक्षकाइतका निःपक्षपाती साक्षीदार दुसरा नाही. स्थानिक वर्तमानपत्रंही चाळा. लंडनचे पत्रकार ज्याला विचारत नव्हते त्याच्या गावच्या पेपरात मात्र चांदीच्या कपासह फोटो येतो. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये पहिल्या मालकाचं नाव आणि गाव टाकून बघा. गाडीचं नाव टाकू नका, बातमीदार ते चुकीचंच लिहायचे.

आता तुमचा फोटो. तुम्ही लिहिता की गाडी ब्रुकलँड्सच्या क्लबहाउससमोर उभी आहे, बॉनेटवर पट्टा आहे, दरवाजावर नंबर चिकटवला आहे. पण तुमच्याच वर्णनात पुढचे दिवे आणि मडगार्ड जागच्या जागी आहेत आणि शेजारच्या जागेवर एक बाई बसलेल्या आहेत. तिथे माझा डोळा अडकला, कारण शर्यतीला उतरणारी गाडी सहसा अशी नसते. त्या काळी ब्रुकलँड्सला फक्त शर्यती होत नव्हत्या. क्लबांच्या रॅली व्हायच्या, ब्रेक आणि वळणांच्या चाचण्या व्हायच्या, आणि मोटर सायकलिंग क्लबची हाय स्पीड ट्रायल असायची. (नाव सायकलींचं असलं तरी हा क्लब गाड्यांनाही घेतो.) तिथे ठरावीक वेळ ठरलेल्या सरासरीने गाडी पळवली की पुरस्कार. जितके पुरे करतील तितक्यांना. म्हणजे तुमच्या पहिल्या मालकाने ब्रुकलँड्सला गाडी पळवली हे खरं, बक्षीस मिळवलं हेही खरं, आणि तरी तो एकाही शर्यतीत उतरला नाही हेही खरं असू शकतं. माझा अंदाज तिकडेच झुकतो.

आणि हे वाईट नाही, उलट तुमच्या फायद्याचं आहे. शर्यतीच्या गाडीची नंबरप्लेट बऱ्याचदा काढलेली असते, फोटोत ती कोणतीही पी-टाइप असू शकते. पण याच क्लबच्या बाकीच्या ट्रायल, म्हणजे लांब पल्ल्याच्या चाचण्या, सार्वजनिक रस्त्यावरून जातात. ईस्टरची लंडन ते लँड्स एंड घ्या. रात्रभर गाडी हाकायची आणि मग चिखलाचे चढ न थांबता चढायचे. तिथे नंबरप्लेट कायद्यानेच लागते. त्यामुळे ट्रायलच्या फोटोत गाडी स्वतःचं नाव सांगते. एमजीने १९३५ च्या जुलैत रेसिंग विभाग बंद केला, पण ट्रायलमधल्या क्रीम क्रॅकर्स आणि थ्री मस्केटियर्स या संघांना मदत चालू ठेवली. पी-टाइप या चढांवर फार चालायची. तेव्हा ब्रुकलँड्सचा हट्ट जरा सैल सोडा आणि मोटर सायकलिंग क्लबच्या १९३५ ते १९३९ च्या निकालांत पहिल्या मालकाचं नाव शोधा.

फोटोची नकल नको, मूळ प्रत हातात घ्या. मागे फोटोग्राफरचा शिक्का, पेन्सिलीतला क्रमांक, कागदाच्या कंपनीची छाप असते. उलटा छापलेला फोटो ओळखा: ब्रिटिश गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे, ते डावीकडे दिसलं तर निगेटिव्ह उलटी आहे. मग बारकावे. आरशाचं ब्रॅकेट कुठे, जादा भोकं कुठे, बॉनेटचा पट्टा हवेच्या कुठल्या फटीवरून जातो. भोक बुजवलं तरी पत्र्याच्या आतल्या बाजूला टिंब राहतं. तुमच्या गाडीचं बॉडीवर्क मूळ असेल तर असं एक बुजवलेलं भोक दहा पत्रांच्या तोडीचं. पत्रा नवा असेल तर हा मार्ग बंद.

आणखी एका भुलाव्यापासून सावध करतो. १९३५ च्या ल मान्सला, म्हणजे फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीला, ड्रायव्हर जॉर्ज आयस्टनच्या संघातून तीन पी-टाइप धावल्या, सहाही ड्रायव्हर बायका, तिन्ही गाड्या शेवटपर्यंत पोचल्या. पेपरवाल्यांनी त्यांना ‘डान्सिंग डॉटर्स’ म्हटलं. पीएच्या मालकाला ‘तुमची त्यातली एक असेल’ असं सांगणारा माणूस कधी ना कधी भेटतोच. संघाच्या गाड्या तीन होत्या, पीए १,९७३.

साखळी पूर्ण होऊनही वाद मिटत नाही, याचं सर्वांत मोठं उदाहरण बेंटलीचं. ‘ओल्ड नंबर वन’ म्हणून ओळखली जाणारी स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० ची ल मान्स जिंकली. मग तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसलं. १९३२ च्या ब्रुकलँड्स ५०० मैल शर्यतीत तिच्यावर क्लाइव्ह डनफी मरण पावला. पुढे ती कूपे झाली. १९९० मध्ये १ कोटी पौंडांचा सौदा झाला आणि ही ती गाडीच नव्हे म्हणून घेणाऱ्याने माघार घेतली. न्यायमूर्ती ओटन यांच्यासमोर एकेक भाग मोजला गेला. १९२९ च्या विजेत्या गाडीचं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला, कारण गाडी टप्प्याटप्प्याने बदलत गेली, पण कधी संपून दुसरी झाली नाही आणि तिच्या जागेवर दुसऱ्या कुणी हक्क सांगितला नाही. लोखंडापेक्षा अखंड इतिहासाला वजन मिळालं. मला हा निकाल पटतो. माझ्या ओळखीचे दोन जण मात्र अजून त्यावरून भांडतात, आणि त्यांच्यापैकी एकाकडेही बेंटली नाही.

तुमची साखळी बहुधा १९३९ ते १९५० मध्ये तुटेल. १९४२ मध्ये खासगी पेट्रोल बंद झालं, गाड्या कोठारांत गेल्या, मालक युद्धावर. तिथे ‘माहिती नाही’ असं लिहून मोकळे व्हा. पुढचा संशोधक तुमचे आभार मानेल. ‘बहुधा याच कुटुंबाकडे असावी’ असं लिहिलंत तर वीस वर्षांत त्यातलं ‘बहुधा’ गळून पडेल.

या शनिवारी मात्र एवढंच करा. टॉर्च घेऊन गाडीखाली जा. चॅसीवरचा आकडा दिसत नसेल तरी रंग खरवडू नका. ओल्या फडक्याने पुसा, वर पातळ कागद धरा आणि मऊ पेन्सिल आडवी घासून ठसा घ्या. तो ठसा आणि फोटोची मागची बाजू, दोन्ही मला पाठवा.